आजी जिजाऊ : सिंदखेडच्या लेकीचे साठीनंतरचे पर्व

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्ण महोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आपल्या जिल्ह्याच्या एखाद्या भूषणावर बोलावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली. मी व्यवसायाने कापड व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. मात्र सायंकाळी गल्ला मोजल्याशिवाय आणि जमा-खर्च मांडल्याशिवाय दुकानाचे दार लावायचे नाही, ही सवय चाळीस वर्षांची आहे. त्याच सवयीने एका थोर आयुष्याचा हिशेब सनावळीसह आपल्यासमोर मांडावा, असे मी ठरविले. ते आयुष्य म्हणजे आपल्या सिंदखेडराजाची लेक, राजमाता जिजाऊ.

आपण म्हणाल, जिजाऊंवर नवीन काय सांगणार? दरवर्षी १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथे जनसागर लोटतो. शाळाशाळांतून मुली नऊवारी नेसून जिजाऊ होतात. ‘शिवबाला घडविणारी माता’ हे त्यांचे रूप आपल्या मनात पक्के बसले आहे. ते सत्यच आहे आणि त्यास माझा प्रणाम आहे. परंतु त्या एका तेजस्वी रूपामागे दुसरे रूप झाकून गेले आहे, असे मला फार दिवसांपासून वाटते. ते रूप आजीचे आहे. शेकडो लढायांची वार्ता ऐकून पोळलेली, राज्याचा गाडा हाकणारी आणि त्याच वेळी आईविना पोरक्या नातवाला पोटाशी धरणारी आजी. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

जिजाऊंना सैनिक म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आजच्या अर्थाने त्यांना माजी सैनिक म्हणता येणार नाही. कोणत्याही फौजेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. पण त्यांचे आयुष्य पाहा. वडील लखुजीराजे जाधवराव निजामशाहीतील मातब्बर सरदार. पती शहाजीराजे त्या काळचे नामांकित सेनानी. दोन्ही पुत्र रणात उतरलेले. जन्मल्यापासून अखेरच्या श्वासापर्यंत घोड्यांच्या टापा आणि जासुदांची ये-जा यांवाचून त्यांचा एक हंगाम गेला नसेल. युद्ध त्यांच्या घरी पाहुणे म्हणून कधी आले नाही. ते घरातच नांदत होते.

परंपरेने त्यांचा जन्म १५९८ चा मानतात. हे वर्ष कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

माहेर आणि सासर या दोन्ही घराण्यांत एका प्रसंगाने रक्त सांडले. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे यांचा हत्ती बिथरला आणि त्यातून जाधव व भोसले एकमेकांवर चालून गेले. त्या चकमकीत जिजाऊंचे बंधू दत्ताजी पडले आणि भोसल्यांकडील शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी हेही पडले. एका लेकीने, एका सुनेने त्या रात्री कोणाच्या दारी जाऊन रडावे? पुढे जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराजे, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दगा देऊन ठार मारण्यात आले. आजोबा आणि नातू एकाच दिवशी गेले. त्या वेळी जिजाऊंच्या पोटी शिवबा वाढत होते. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. पित्याच्या, दोन भावांच्या आणि भाच्याच्या मृत्यूनंतर जेमतेम सात महिन्यांनी.

सिंदखेडराजास आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. लखुजीराजांचा वाडा, मोती तलाव, पुतळा बारव, नीळकंठेश्वराचे मंदिर हे सारे पाहिले असेल. लखुजीराजांची ती भव्य समाधी पाहताना एवढे स्मरावे, की ती एका विश्वासघाताची खूण आहे. याच समाधीच्या जतनाचे काम चालू असता २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याला उत्खननात शेषशायी विष्णूची मोठी पाषाणमूर्ती सापडली. मातीखाली अजून किती इतिहास निजलेला आहे, कोण जाणे!

आता मूळ विषयाकडे येतो. जिजाऊंचे थोरले पुत्र संभाजीराजे कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात १६५५ च्या सुमारास मारले गेले. अफजलखानाने वेळेवर मदत केली नाही, असा ठपका त्या वेळेपासून त्याच्यावर ठेवला जातो. त्यानंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शिवाजी महाराज आणि सईबाई यांना पुत्र झाला. त्याचेही नाव संभाजी. गेलेल्या लेकाचे नाव नातवाच्या रूपाने घरात पुन्हा उच्चारले जाऊ लागले. ज्या घरात असे घडते, त्या घरातील आजीच्या कानाला ती हाक कशी लागत असेल, हे मी येथे बसलेल्या मातांना सांगण्याची गरज नाही.

बाळाच्या जन्मानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली. कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ यांनी शंभूराजांना आपले दूध पाजले. त्या माउलीचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या. मागे सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई या तीन लेकी आणि सव्वादोन वर्षांचा हा मुलगा. महाराज त्या वेळी अफजलखानाच्या स्वारीला तोंड देण्यात गुंतलेले. चार पोरकी लेकरे आणि डोक्यावर विजापूरचे संकट! जिजाऊंचे वय तेव्हा होते एकसष्ट.

माझ्या वयाच्या मंडळींनी हा आकडा नीट ऐकावा. साठी उलटली, की आपण ‘आता आमचे काय राहिले’ असे म्हणू लागतो. दुकान मुलाच्या स्वाधीन करतो, सकाळी फिरायला जातो आणि औषधांच्या वेळा पाळतो. त्यात गैर काही नाही. पण जिजाऊंच्या खातेवहीचे सर्वांत जड पान एकसष्टाव्या वर्षी उघडले आहे.

सईबाईंना जाऊन दोन महिने झाले आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली महाराज व अफजलखान यांची भेट झाली. निघण्यापूर्वी मातोश्रींनी आशीर्वाद दिला आणि थोरल्या संभाजीचे उसने फेडण्यास सांगितले, अशा आशयाची हकीकत सभासद बखरीत येते. ही बखर पुढे जिंजी येथे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, म्हणजे जिजाऊंच्याच दुसऱ्या नातवाने आपल्या घराण्याची हकीकत लिहवून घेतली. त्या आशीर्वादामागचे धैर्य पाहा. एक मुलगा आधीच गेलेला. दुसरा मृत्यूच्या भेटीस निघालेला. त्याला काही झाले असते, तर स्वराज्य म्हणून उरणार होते ते मांडीवरचे अडीच वर्षांचे बाळ आणि त्याची आजी.

पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले आणि इकडे शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. तेव्हा पुत्राची सुटका करण्यास स्वतः फौज घेऊन निघण्याची तयारी जिजाऊंनी केली, असे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत ग्रंथात आहे. इतक्यात सेनापती नेताजी पालकर येऊन पोहोचले आणि ती कामगिरी त्यांनी शिरावर घेतली. बासष्ट वर्षांची स्त्री कंबर कसून रणात जाण्यास उभी राहते आणि तिच्या घरात तीन वर्षांचा नातू झोपलेला असतो, हे चित्र मला कोणत्याही लढाईच्या चित्रापेक्षा मोठे वाटते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचे निधन झाले. ती वार्ता राजगडावर आली, तेव्हा जिजाऊंनी सती जाण्याचा निश्चय केला. महाराजांनी परोपरीने विनवून त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. बंधु-भगिनींनो, माझ्या मते जिजाऊंच्या आयुष्याचा हा खरा टप्पा आहे. ज्या प्रथेला त्या काळी मोठा मान होता, ती बाजूस सारून त्या राहिल्या. सहा वर्षांचा नातू घरात होता, राज्य अजून कोवळे होते. त्या राहिल्या म्हणून त्यांच्या आयुष्यात आणखी दहा वर्षे आली. त्या दहा वर्षांत काय घडले, ते आता जमेच्या बाजूस मांडू या.

६ जानेवारी १६६५. सूर्यग्रहणाचे पर्व. श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथे महाराजांनी मातोश्रींची सुवर्णतुला केली आणि वृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांचीही. ते सोने दानधर्मात गेले. आम्ही व्यापारी लोक तराजूला देव मानतो; दसऱ्याला त्याची पूजा करतो. पण एका मुलाने आपल्या आईला पारड्यात बसवून दुसऱ्या पारड्यात सोने टाकावे आणि ते सोने घरी न नेता वाटून टाकावे, याहून पवित्र तोल मला माहीत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला; महाराजांकडे बारा किल्ले उरले. ही नुकसानी पुस्तकांत सर्वत्र सापडते. पण तहाच्या पूर्ततेसाठी आणखी एक गोष्ट द्यावी लागली. आठ वर्षांचे शंभूराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत ओलीस म्हणून पाठविण्यात आले. किल्ले पुन्हा जिंकता येतात. ज्या मुलाला आई नाही, त्याला शत्रूच्या गोटात पाठविताना त्याची बंडी कोणी घातली असेल, शिदोरी कोणी बांधली असेल?

आणि मग आग्रा. ५ मार्च १६६६ रोजी महाराज राजगडावरून निघाले, ते नऊ वर्षांच्या शंभूराजांना सोबत घेऊन. मागे राज्याचा कारभार जिजाऊंच्या हाती. मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव, अण्णाजी दत्तो हे त्यांच्या आज्ञेत. आग्र्यास दोघे नजरकैदेत पडल्याचे वर्तमान आले. मुलगा आणि नातू, दोघेही बादशहाच्या तावडीत. आपण कल्पना करा, त्या आजीने अंथरूण धरले असते, तर तिला कोणी दोष दिला असता? पण राजगडावरचे कामकाज थांबले नाही. गडांना रसद जात राहिली, वसूल येत राहिला, आज्ञा सुटत राहिल्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी राज्य जसेच्या तसे राखून ठेवले.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. परंतु लहान मुलासह वेगाने पळणे अशक्य, म्हणून शंभूराजांना मथुरेस मोरोपंतांच्या आप्तांकडे ठेवण्यात आले आणि मोगलांनी शोध सोडावा यासाठी ते मृत झाल्याची आवई उठविण्यात आली. महाराज आधी गडावर पोहोचले. शंभूराजे नंतर सुखरूप आले. मुलगा परत आला, या आनंदाला नातू अजून आला नाही, ही किनार होती. तो उंबरठ्यात उभा राहिला, तेव्हाच त्या आजीची आग्र्याची मोहीम संपली.

येथे थोडे घरचे बोलतो, आपण क्षमा करावी. मी अकरा वर्षांचा असताना माझे वडील गेले. दुकानावर देणे होते आणि आम्ही तीन भावंडे लहान होतो. माझ्या आजीला सही करता येत नव्हती. ती डोक्यावरचा पदर सावरून गल्ल्यावर बसली. तागा उलगडला, की धाग्याला बोट लावून ती कापडाचा कस सांगायची. दुपारी दुकान, संध्याकाळी आम्हां मुलांचे पाढे, आणि रात्री आम्ही झोपलो असे समजून देवापुढे बसून एकटीचे रडणे. तिचे देणे सहा वर्षांत फिटले. तिला कोणी कधी शाल-श्रीफळ दिले नाही. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात राजगडावरची आजी भेटते, तेव्हा ती मला परकी वाटत नाही. राज्य मोठे असो की दहा फुटांचे दुकान. कर्ता माणूस दूर गेल्यावर घर आणि कारभार दोन्ही एकाच वेळी उचलणाऱ्या बाईची जात एकच असते.

पुन्हा सनावळीकडे वळतो. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांच्या बलिदानाने कोंढाणा परत आला. त्यानंतर वीस दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, राजगडावर सोयराबाईंच्या पोटी राजारामांचा जन्म झाला. बहात्तर वर्षांच्या जिजाऊंच्या मांडीवर आणखी एक नातू आला. थोरले शंभूराजे एव्हाना तेरा वर्षांचे होत होते. शस्त्र, राजकारण आणि संस्कृत या तिन्हींत त्यांची गती वाढत होती. पुढे त्यांनी ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ओलीस राहिलेल्या, आग्रा पाहिलेल्या मुलाच्या हातून काव्य घडते, यामागे शिक्षकांची मेहनत आहेच. पण त्याचे मन कठोर आणि कोरडे होऊ न देणारा एक हात घरातही होता.

६ जून १६७४. रायगडावर राज्याभिषेक झाला. शहात्तर वर्षांच्या मातोश्रींनी पुत्राला छत्रपती आणि सतरा वर्षांच्या नातवाला युवराज झालेले पाहिले. रायगडावरची थंड हवा आणि वारा त्यांना सोसत नसे, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाड येथे त्यांच्यासाठी वाडा बांधला होता. तेथेच १७ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, त्यांनी देह ठेवला. पाचाडला त्यांची समाधी आहे. हिशेब पुरा करून, वही मिटून, दिवा शांत करावा, तशी ती अखेर होती.

आजीच्या मागे काय घडले, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डिसेंबर १६७८ मध्ये शंभूराजे दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि सुमारे वर्षभराने परतले. पिता-पुत्रांत अंतर पडले होते. जिजाऊ असत्या तर हे घडते काय, यावर अनेकांनी लिहिले आहे. मी विद्वानांच्या वादात शिरत नाही. प्रपंचातला माणूस म्हणून एवढेच म्हणतो, की बाप आणि तरुण मुलगा यांच्यात बोलणे खुंटते, तेव्हा मधल्या ओसरीत बसून दोघांचेही ऐकणारे म्हातारे माणूस लागते. शिवछत्रपतींसारख्या युगपुरुषाच्या घरालाही ती उणीव जाणवली असेल, तर आपल्या घरांची काय कथा! पुढे १६८१ पासून शंभूराजांनी छत्रपती म्हणून औरंगजेबाच्या प्रचंड फौजेशी आठ वर्षे झुंज दिली आणि ११ मार्च १६८९ रोजी असह्य यातना सोसून मरण पत्करले. शरण गेले नाहीत. पोरक्या बाळाच्या अंगी ते बळ कोठून आले, याचे एक उत्तर राजगडावरील त्या पहिल्या वर्षांत शोधावे लागेल.

आज काळ बदलला आहे. ज्या कामाला जिजाऊंच्या काळी स्त्रीसाठी हजेरीपट नव्हता, तो आता उघडला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीचा मार्ग मोकळा झाला. सिंहगडाच्या परिसरातील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आल्या. या मुली एक दिवस निवृत्त होतील, आजी होतील आणि नातवंडांना आपल्या मोहिमा सांगतील. जिजाऊंच्या वारसांची ती खरी ओळ म्हणावी लागेल.

परंतु आपल्या गावांत मी उलटेही पाहतो. दिवाळीला आजीबाई दुकानात येतात. नातवासाठी कापड निवडतात आणि मग थबकतात. कारण त्याची उंची आता किती झाली, हे त्यांना माहीत नसते. नातू पुण्यात, आजी देऊळगावराजाला. फोनवर तोंड दिसते, माप कळत नाही. मुलांना शहरांत जावेच लागते, पोटाचा प्रश्न आहे. त्यांना मी बोल लावणार नाही. पण वर्षातून काही दिवस तरी नातवंडे आजी-आजोबांच्या हवाली करावीत आणि आजी-आजोबांनीही दूरदर्शन संच बंद करून आपल्या आयुष्यातील देणी-घेणी, दुष्काळ, आजारपणे, चुकवलेले आणि निभावलेले प्रसंग त्यांना सांगावेत. ती शिदोरी बाजारात मिळत नाही.

समृद्धी महामार्गाने आता मुंबई आणि नागपूर या दोन्ही बाजूंनी सिंदखेडराजा जवळ आले आहे. माझी विनंती एवढीच, की नातवंडांना तेथे न्यावे आणि वाडा दाखविण्याचे काम मार्गदर्शकावर न सोपविता घरातील आजीवर सोपवावे. जिजाऊंची गोष्ट सांगण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.

 

जय जिनेंद्र. जय जिजाऊ.